बावन्न तालांचा भेक

जबलपूरला बावन्न ताल आणि चौऱ्याऐंशी तलैया, हे इथले शाळकरी पोरही सांगते. रानीताल, चेरीताल, आधारताल, हनुमानताल, सूपाताल, मढाताल, भंवरताल, गुलौआताल, देवताल, संग्रामसागर. रानीताल राणी दुर्गावतीचा, चेरीताल तिच्या दासीचा, आधारताल तिचे दिवाण आधारसिंह यांचा, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. मदनमहालच्या टेकड्या ग्रॅनाइटच्या. त्यांच्यावर पाणी ठरत नाही. ते खाली अडवायचे, मुरू द्यायचे आणि उन्हाळ्यात वापरायचे, ही गढ्याच्या गोंड राज्याची रीत. राणी २४ जून १५६४ रोजी नरई नाल्याजवळ लढताना गेली. पुढे १७८१ मध्ये हा मुलूख सागरच्या मराठ्यांकडे, १७९८ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे आणि १८१७ मध्ये इंग्रजांकडे गेला. भोसल्यांच्या मागोमाग काही मराठी घरे इथे आली, काही नंतर रेल्वेबरोबर आली, आणि आमच्यासारखी कितीतरी तोफगाड्यांच्या कारखान्यातल्या नोकरीपायी आली. राजवटी बदलत गेल्या तरी तालांत पाणी होते, आणि पाण्याच्या कडेला भेक होता.

तालांचा इतिहास लिहिणाऱ्यांनी राजे लिहिले, बांध लिहिले, काठावरची देवळे लिहिली. मी या शहरात आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवले, म्हणून मला लिहायचा आहे तो या भेकाचा इतिहास. आपल्या अंगणातला हा गरीब प्राणी जगाच्या दुसऱ्या टोकाला आक्रमक, विषारी आणि समूळ नष्ट करण्याजोगा ठरला आहे. तसे का झाले, ते समजून घेतल्याशिवाय आपले अंगणही नीट कळत नाही, असे माझे ठाम मत आहे.

भेक सगळ्यांनी पाहिलेला असतो. माठाखालच्या ओलीत, मोरीच्या तोंडाशी, तुळशीच्या कुंडीमागे बसलेला खडबडीत, मातकट, अंगभर काळ्या टोकांचे फोड असलेला बेडूक. डोळ्यांवरून काळ्या कडा गेलेल्या, डोळ्यांमागे घेवड्याच्या दाण्यासारखे दोन फुगवटे. तो लांब उड्या मारत नाही, तुरुतुरु चालतो, दमला की बसतो. जूनअखेरीस पहिला पाऊस पडला की वाळवीला पंख फुटतात, ती रस्त्यावरच्या दिव्यांभोवती गोळा होते, आणि दिव्याखाली भेक जमतात. रात्रभर खातात. मुंग्या, वाळवी, भुंगेरे, जे हलते आणि तोंडात मावते ते सगळे. मग नर पाण्याच्या कडेला बसून एकसुरी कुरकुर सुरू करतात. मादी जिलेटिनसारख्या लांब दुहेरी माळांत हजारो अंडी घालते, आणि आठवड्याभरात डबक्यात काळ्या शेपट्यांची गर्दी दिसू लागते.

पाऊस आणि बेडूक यांचे नाते माणसाने फार आधी जोडले. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात बेडकांवर अख्खे सूक्त आहे. आमच्या इकडे पावसाने ओढ दिली की अजून मेंढक-मेंढकीचे लग्न लावतात, वरात काढतात. माझ्या आईच्या माहेरी, वऱ्हाडात, धोंडी निघत असे: अंगाला कडुलिंबाचा पाला गुंडाळलेला मुलगा, खांद्यावर मुसळ, मुसळाला बांधलेला बेडूक, आणि घराघरांतून त्यांच्यावर ओतलेले पाणी. त्या बेडकाचे हाल होत, हे आईला तेव्हाही आवडत नसे. पण त्या रीतीत एक ओळख होती. बेडूक आहे तिथे पाणी आहे, हे लोकांना पुस्तकाविना माहीत होते.

या भेकाला शास्त्रीय नाव १७९९ मध्ये जर्मन अभ्यासक योहान श्नायडर यांनी दिले. तेव्हापासून दोनशे वर्षे तो ‘बुफो’ या प्रजातीनामाने ओळखला गेला; माझ्या सगळ्या वर्गांनी तेच नाव पाठ केले. २००६ मध्ये जगभरच्या उभयचरांची नव्याने वर्गवारी झाली, तेव्हा आपल्या भेकाच्या प्रजातीला ओडिशाचे बेडूकतज्ज्ञ सुशील कुमार दत्त यांच्या नावावरून ‘दत्ताफ्रायनस’ असे नाव मिळाले. जबलपूरला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे मध्य विभागीय केंद्र १९६० पासून आहे. मध्य भारतातल्या प्राण्यांच्या नोंदी आणि नमुने तिथे सांभाळले जातात. माझे विद्यार्थी तिथे जात, बाटल्यांतले फिकटलेले बेडूक पाहत आणि परत येऊन विचारत, “बाई, हा तर आमच्या घरी पण आहे, याला जपून कशाला ठेवलंय?” त्या प्रश्नाचे खरे उत्तर द्यायला मला मादागास्करपर्यंत जावे लागते.

त्याआधी विषाचे बोलू. डोळ्यांमागच्या त्या फुगवट्यांत भेक दुधासारखा पांढरा चिकट स्राव साठवतो. तो आपणहून फवारत नाही. चावले, दाबले, तरच बाहेर येतो. भेकाला हात लावल्याने चामखीळ येते ही समजूत खोटी; चामखीळ विषाणूमुळे येते. स्राव डोळ्यांत किंवा तोंडात मात्र जाऊ देऊ नये. आमच्या शेजारच्या एका कुत्र्याने पावसाळ्यात भेक तोंडात धरला होता. तोंडाला फेस, मान हलवणे, लटपटणारे पाय. शेजाऱ्यांनी नळाची धार लावून त्याचे तोंड बाजूने धुतले आणि तो वाचला. पुन्हा त्याने भेकाला तोंड लावले नाही.

हे विष काम कसे करते? आपल्या प्रत्येक पेशीच्या आवरणात एक पंप असतो. तो सोडियम बाहेर टाकतो आणि पोटॅशियम आत घेतो. त्यावर हृदयाचे ठोके अवलंबून असतात. भेकाच्या विषातले रेणू नेमके त्या पंपात जाऊन बसतात आणि तो बंद पाडतात. कण्हेरीचे विष याच पंपावर बसते. म्हणजे देवघरातल्या कण्हेरीने आणि मोरीतल्या भेकाने एकमेकांशी काही संबंध नसताना एकच शस्त्र घडवले. चीनमध्ये भेकाचा हा स्राव वाळवून औषधात वापरण्याची परंपरा जुनी आहे.

आता खरी गंमत बघा. एवढे विष असूनही आपल्याकडे भेक खाणारे पुष्कळ आहेत. आधारतालच्या बांधावर दिवडाने भेक अर्धा गिळलेला माझ्या विद्यार्थ्यांनी पाहिला होता. नाग भेक खातो. घोरपड खाते. यांना विष का बाधत नाही, याचे उत्तर गेल्या काही वर्षांत सापडले. या प्राण्यांच्या पेशींतल्या पंपात, विष जिथे बसते नेमक्या त्या जागी, प्रथिनातले मोजके घटक बदललेले आहेत. कुलूप थोडे बदलले आणि किल्ली बसेना झाली. वेगवेगळ्या खंडांतल्या, एकमेकांशी दूरचे नाते असलेल्या प्राण्यांनी जवळजवळ तोच बदल स्वतंत्रपणे मिळवला आहे. जपानमधल्या एका सापाने तर पुढची मजल मारली: तो भेक खातो आणि त्याचेच विष स्वतःच्या मानेतल्या ग्रंथींत साठवतो.

असा बदल व्हायला लाखो वर्षांचा सहवास लागतो. आणि हा सहवास सगळ्यांच्या वाट्याला आला नाही. भेकांचे घराणे मूळचे दक्षिण अमेरिकेतले. तिथून ते जगभर पसरले, आणि भारताचा भूखंड आशियाला येऊन धडकल्यानंतर इकडे शिरले. म्हणजे भेक भारतातही एके काळी बाहेरून आलेला आहे! २०१० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास आला. त्याच्या लेखकांत दिल्ली विद्यापीठाचे एस. डी. बिजू होते. भेकांना जग कशामुळे पादाक्रांत करता आले, हा त्याचा प्रश्न. त्यांच्या मते गुणांचा एक संच हळूहळू जमत गेला: पाण्यापासून लांब राहू शकणारे शरीर, मोठा आकार, जांघेजवळ चरबीचा साठा, डोळ्यांमागच्या विषग्रंथी, कुठल्याही डबक्यात अंडी घालण्याची तयारी आणि एका वेळी हजारो अंडी. हा संच ज्यांच्याकडे आला ते पसरले. आपल्या अंगणातल्या भेकाकडे तो पूर्ण आहे. त्याच्या दूरच्या अमेरिकी भावाकडेही आहे.

तो अमेरिकी भाऊ म्हणजे उसाचा भेक, इंग्रजीत केन टोड. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला, कधीकधी किलोभर वजनाचा. त्याची कथा मी दर वर्षी शिकवत असे, आणि दर वर्षी वर्गात एक-दोन मुले नरसिंहपूर, करेलीकडची असत. त्यांच्या घरी ऊस, गुऱ्हाळे, गूळ. उसाच्या मुळांना लागणारी हुमणी त्यांना पाठ माहीत असे, म्हणून ही कथा त्यांना सगळ्यांत आधी कळे. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड प्रांतात हीच अडचण होती. भुंगेऱ्यांच्या अळ्या उसाची मुळे खात. प्वेर्तो रिकोमध्ये भेक सोडल्यावर कीड कमी झाली, असे साखरतज्ज्ञांच्या परिषदेत सांगितले गेले. हवाईने १९३२ मध्ये भेक नेले. १९३५ च्या जूनमध्ये रेजिनाल्ड मंगोमेरी नावाचे कीटकतज्ज्ञ हवाईहून सुमारे शंभर भेक घेऊन क्वीन्सलँडला आले. गॉर्डनव्हेलजवळच्या मेरिंगा केंद्रात त्यांची वीण झाली आणि ऑगस्टमध्ये हजारो पिल्ले उसाच्या मळ्यांत सोडली गेली.

सोडण्याआधी कोणी तपासून पाहिले नाही, की भेक तो भुंगेरा खाऊ शकतो का. भुंगेरा उसाच्या शेंड्यावर, अळी जमिनीखाली, आणि भेक मधल्या जमिनीवर. दोघांची गाठ पडणार कशी? वॉल्टर फ्रॉगट या निवृत्त कीटकतज्ज्ञांनी जाहीर इशारा दिला होता. काही काळ सरकारने भेक सोडायला बंदीही घातली, पण १९३६ मध्ये ती उठवली गेली. विज्ञानाच्या इतिहासातल्या मोठ्या चुका अज्ञानापेक्षा घाईने झाल्या आहेत, हे मी मुलांना इथे थांबून सांगत असे. विचारायचा प्रश्न साधा होता. तो विचारला गेला असता तर एक हंगाम वाया गेला असता, एवढेच.

ऑस्ट्रेलियात मूळचा एकही भेक नव्हता. तिथल्या घोरपडींचे पूर्वज आशियातून गेलेले. आशिया-आफ्रिकेतल्या घोरपडींना भेकाचे विष बाधत नाही, पण भेक नसलेल्या भूमीत पिढ्यान्‌पिढ्या राहिल्यावर ऑस्ट्रेलियन घोरपडींच्या पंपातला तो बदल नाहीसा झाला. जनुकातल्या थोड्याशा अक्षरांचा फरक. आमच्या बांधवगडच्या रानातली घोरपड भेक गिळून निवांत ऊन खाते, आणि तिची ऑस्ट्रेलियन बहीण तोच घास घेऊन काही वेळात मरते. तिथे भेक पोचला त्या भागांत मोठ्या घोरपडींची संख्या झपाट्याने कोसळली. पोटाला पिशवी असलेला मांजराएवढा क्वोल, काही साप, गोड्या पाण्यातल्या मगरी, सगळ्यांना फटका बसला.

पण या कथेतला मला सर्वांत मोलाचा भाग पुढचा आहे, कारण उत्क्रांती माणसाच्या एका आयुष्यात घडताना इथे दिसली. सुरुवातीला भेकांची आघाडी वर्षाला दहा-एक किलोमीटर सरकत होती. पुढे हा वेग पन्नासच्या वर गेला. २००६ मध्ये जीवशास्त्रज्ञ रिक शाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये कारण दाखवले: आघाडीवर सर्वांत आधी पोचणाऱ्या भेकांचे पाय लांब होते. सगळ्यांत वेगवान भेक सगळ्यांत पुढे, तिथे त्यांना जोडीदारही तसेच वेगवान मिळतात, आणि त्यांची पिल्ले आणखी वेगवान. पळण्यात फायदा असो वा नसो, पुढे पोचणाऱ्यांची वीण पुढे पोचणाऱ्यांशीच होते. याची किंमतही त्यांनी मोजली: आघाडीवरच्या मोठ्या भेकांत मणक्यांचा संधिवात आढळला.

समोरची बाजूही बदलत होती. लाल पोटाच्या काळ्या सापांची डोकी, जिथे भेक बरीच दशके आहेत तिथे, शरीराच्या मानाने लहान झाली. लहान तोंडाचा साप मोठा, जास्त विषारी भेक गिळूच शकत नाही, म्हणून तो जगतो. भेक जुना झालेल्या भागांतले हे साप भेकाकडे पाहून तोंड फिरवतात, आणि त्यांची विष सोसण्याची ताकदही वाढली आहे. सत्तर वर्षांहून कमी काळात, सापाच्या वीस-पंचवीस पिढ्यांत, हे घडले. कावळे भेकाला उलटा करून पोटाकडून खायला शिकले. आता शास्त्रज्ञ क्वोलांना मळमळ आणणारे औषध घातलेले भेकाचे मांस चारतात, आणि भेकांची आघाडी पोचण्याआधी घोरपडींसमोर छोटे भेक सोडतात, म्हणजे त्यांना आजारपण येते, मरण येत नाही, आणि धडा मिळतो. माझी भाची ब्रिस्बेनला असते. तिने फोनवर सांगितले, “मावशी, इथे लोक रात्री बॅटरी घेऊन भेक पकडायला निघतात, आणि घाईत आपल्याच देशाचे गरीब बेडूक मारतात.” मी तिला डोळ्यांमागचे फुगवटे कसे ओळखायचे ते समजावले. ते पाहिल्याशिवाय काठी उचलू नये.

भारतात उसाचा भेक आला नाही. इथे ऊस होता, हुमणी होती, पण ते संकट आपल्यावर आले नाही. म्हणून बरीच वर्षे मी ही कथा दूरदेशीची म्हणून सांगत होते. २०१४ च्या मे महिन्यात ते बदलले.

त्या महिन्यात ‘नेचर’मध्ये एक पत्र छापून आले: मादागास्करमधली भेकांची घुसखोरी आताच थांबवा. हा भेक अमेरिकी नव्हता. दत्ताफ्रायनस मेलॅनोस्टिक्टस, आपला, माठाखालचा. मादागास्करच्या पूर्व किनाऱ्यावर तोआमासिना हे त्या देशाचे सर्वांत मोठे बंदर आहे. तिथे मोठ्या औद्योगिक बांधकामाच्या काळात, २००७ ते २०१० च्या सुमारास, आशियातून आलेल्या कंटेनरांतून भेक उतरले असावेत असा अभ्यासकांचा कयास आहे. गावकऱ्यांना ते आधीच दिसले होते; शास्त्रज्ञांना उशिरा कळले. तोवर भातखाचरांत, नाल्यांत, बागांत भेक लाखोंनी झाले होते. २०१५ मध्ये तज्ज्ञांनी पाहणी करून सांगितले की सध्याच्या साधनांनी त्यांचे समूळ उच्चाटन शक्य नाही.

पुढे जनुकीय तपासणी झाली. तोआमासिनाचे भेक कंबोडिया आणि व्हिएतनामकडच्या वंशाशी जुळले. हा वंश भारतातल्या भेकांपासून बराच वेगळा निघालेला आहे, पुढेमागे ती निराळी जातही ठरू शकते. तरी मला त्यात समाधान वाटले नाही. भारताची बंदरे काही कमी माल पाठवत नाहीत, आणि आपल्या भेकाकडे गुण तेच आहेत. टिमोरमध्ये आणि मालदीवमध्येही हा भेक माणसाबरोबर गेला आहे.

मादागास्कर हे नाव जबलपूरला परके वाटायचे कारण नाही. १८२८ मध्ये इंग्रज अधिकारी विल्यम स्लीमन यांना इथल्या बडा शिमला टेकडीजवळ जी हाडे मिळाली, ती भारतातली डायनोसॉरची पहिली नोंदलेली हाडे. त्याच टेकडीच्या लमेटा खडकांतून पुढे इंडोसॉरस आणि इंडोसुकस हे मांसाहारी डायनोसॉर सापडले, आणि त्यांचे जवळचे नातेवाईक मादागास्करमध्ये आहेत. दोन्ही भूखंड एकत्र होते. सुमारे ८ कोटी ८० लाख वर्षांपूर्वी ते फाटले. भारत उत्तरेला सरकून आशियाला भिडला आणि त्याला भेक मिळाले, भेकांबरोबर विष सोसणारे साप आणि घोरपडीही. मादागास्कर समुद्रातच राहिले. तिथे एकही मूळचा भेक नाही. २०१८ मध्ये तिथल्या ७७ जातींच्या प्राण्यांचे ते पंपाचे जनुक तपासले गेले: साप, सरडे, बेडूक, पक्षी, सस्तन प्राणी. ७६ जातींना विषापासून काहीही संरक्षण नव्हते. फक्त एका उंदरासारख्या प्राण्यात ते होते. हे साप आणि पक्षी भेकाशी गाठ न पडता घडले. आता ती गाठ त्यांच्यावर एकाएकी येऊन पडली आहे.

म्हणून विषारी आणि आक्रमक ही भेकाची कायमची लक्षणे मानायला मी तयार नाही. तेच विष आधारतालच्या बांधावर दिवडाच्या पोटात मुकाट्याने जिरते आणि तोआमासिनाच्या बांधावर सापाचा जीव घेते. फरक आहे तो सहवासाच्या इतिहासाचा, आणि तो इतिहास तोडून प्राणी दुसरीकडे नेणाऱ्या जहाजांचा.

आपल्या देशातही हे घडले आहे. पावसाळ्यात आमच्या इकडे पिवळाधमक होऊन ओरडणारा मोठा बैलबेडूक भारताच्या मुख्य भूमीवर अगदी आपला. तो अंदमानात गेल्या दीड-दोन दशकांत पसरला आहे, बहुधा मत्स्यबीजाबरोबर. त्याचे टॅडपोल दुसऱ्या बेडकांचे टॅडपोल खातात, आणि मोठे बेडूक मासे, सरडे, कोंबडीची पिल्लेसुद्धा. त्याला कोणी समुद्रापलीकडे मुद्दाम नेले नाही. माशांच्या पिशवीत काय आहे ते कोणी पाहिले नाही, इतकेच.

परका जीव आणायचाच असेल तर कसा आणावा, याचेही एक उदाहरण माझ्याच शहरात आहे, आणि ते सांगितल्याशिवाय हा लेख अपुरा राहील. काँग्रेस गवत, गाजर गवत, आमच्याकडची गाजरघास. पन्नाशीच्या दशकात ते पुण्यात प्रथम लक्षात आले आणि पाहता पाहता देशभर पसरले. तेही विषारी, कितीतरी लोकांच्या अंगावर त्याने खाज आणि दमा आणला. त्यावर मेक्सिकोतला एक छोटा भुंगेरा, झायगोग्रामा, १९८३ मध्ये बंगळुरूला आणला गेला. आधी बंद जागेत तपासणी झाली, तो दुसऱ्या कोणत्या पिकावर जगतो का ते पाहिले गेले, आणि १९८४ मध्ये तो सोडला गेला. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तो सूर्यफुलाची पाने खाताना दिसला, तेव्हा ओरड झाली. समिती बसली, प्रयोग झाले, आणि सूर्यफुलाच्या पानांवर गाजर गवताचे परागकण पडल्यामुळे भुंगेरा तिकडे वळतो असे दिसून आले. शंका घेतली गेली, ती तपासली गेली, उत्तर जाहीर झाले. जबलपूरला महाराजपूर भागात १९८९ पासून तणांवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे. दर ऑगस्टमध्ये ती गाजरघास जागरूकता सप्ताह पाळते आणि हे भुंगेरे वाटते. मी ते आणून आमच्या गल्लीच्या मोकळ्या प्लॉटवर सोडले आहेत. पावसाळ्यात पानांची चाळण करतात. गवत पुरते संपले नाही, पण फुलण्याआधी बरेचसे बोडके होते. १९३५ च्या त्या भेकांत आणि या भुंगेऱ्यांत मला फरक दिसतो तो आधी विचारलेल्या प्रश्नांचा.

आता आमच्या तालांकडे. रानीतालच्या जागी क्रीडासंकुल आहे. भंवरतालची बाग झाली, मढातालवर बाजार उभा राहिला, चेरीताल हे वस्तीचे नाव म्हणून उरले. हनुमानताल, आधारताल, गुलौआताल यांत पाणी आहे, पण कडेला दगडी आणि सिमेंटच्या भिंती आहेत. भेकाच्या पिल्लांना पाण्यातून बाहेर पडायला उतार लागतो, ओली माती लागते, गवत लागते. नखाएवढी पिल्ले उभ्या भिंतीवर चढत नाहीत. तालाचे सुशोभीकरण म्हणजे चारी बाजूंनी भिंत, हा विचार शहराने सोडला पाहिजे. भेक चिवट आहे. तो आज संकटात नाही, त्याला वाचवा अशी हाक मी देत नाही. पण ज्या डबक्यात तो वाढतो त्याच डबक्यावर दिवड, बगळा, चतुर आणि आणखी कितीतरी बेडूक जगतात, आणि ते सगळे त्याच्याइतके चिवट नाहीत.

वाचकांना माझी विनंती साधी आहे. आपल्या अंगणातला भेक मारू नका, त्याला हातही लावू नका, रात्री दिव्याखाली त्याला वाळवी खाऊ द्या. कुत्र्याने तोंडात धरला तर मान खाली करून पाण्याने तोंड धुवा आणि पशुवैद्याकडे न्या. पण घर बदलताना, कुंड्या, लाकूड, फरशा, मत्स्यबीज किंवा सामानाचे कंटेनर दूरच्या गावी, विशेषतः बेटांवर पाठवताना तळ उचलून पाहा. तळाशी भेक बसलेला असेल तर त्याला तिथेच, त्याच्या मातीत, खाली ठेवा.